दोन गुणांचे जगज्जेतेपद : मोटार शर्यतींची गुणपद्धती नेमके काय मोजते?

नवी दिल्ली, दि. ९ डिसेंबर : अबुधाबीच्या यास मरिना सर्किटवर रविवारी, ७ डिसेंबर रोजी, फॉर्म्युला वनच्या २०२५ च्या हंगामातील अखेरची शर्यत रेड बुल संघाच्या मॅक्स वर्स्टापेनने जिंकली. जगज्जेता मात्र त्याच शर्यतीत तिसरा आलेला मॅक्लारेनचा लँडो नॉरिस ठरला. नॉरिसच्या खात्यात ४२३ गुण जमा झाले, वर्स्टापेनच्या ४२१ आणि नॉरिसचाच संघसहकारी ऑस्कर पियास्त्री याच्या ४१०. हंगामातील २४ शर्यतींपैकी वर्स्टापेनने ८ जिंकल्या, तर नॉरिस आणि पियास्त्री यांनी प्रत्येकी ७. सर्वाधिक शर्यती जिंकणारा चालक उपविजेता राहिला.

यात नियमबाह्य असे काहीही नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी गुणांचा तक्ता सर्वांना ठाऊक होता आणि त्या तक्त्यानुसारच निकाल लागला. तरीही प्रत्येक अटीतटीच्या हंगामानंतर विचारला जाणारा प्रश्न या वेळीही उभा राहिला आहे : जगज्जेता कोणाला म्हणावे? सर्वाधिक वेळा पहिला येणाऱ्याला, की वर्षभर क्वचितच मागे पडणाऱ्याला? ७५ वर्षांच्या इतिहासात फॉर्म्युला वनने या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले आहे आणि प्रत्येक बदलामागे आदल्या काही हंगामांतील एखादा वाद किंवा एखाद्याचे एकतर्फी वर्चस्व दिसून येते.

आजचा तक्ता

सध्याची पद्धत २०१० पासून लागू आहे. शर्यतीत पहिल्या दहा क्रमांकांना अनुक्रमे २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि १ असे गुण मिळतात. म्हणजे एका पूर्ण शर्यतीत एकूण १०१ गुण वाटले जातात. हंगामातील मोजक्या ठिकाणी शनिवारी कमी अंतराची स्प्रिंट शर्यत होते. तिच्यात पहिल्या आठ जणांना ८ पासून १ पर्यंत उतरत्या क्रमाने गुण मिळतात. २०२१ मध्ये स्प्रिंट सुरू झाली, तेव्हा केवळ पहिल्या तिघांना ३, २ आणि १ गुण मिळत; पुढच्याच वर्षी ती व्याप्ती वाढविण्यात आली. २०२५ मध्ये २४ शर्यती आणि ६ स्प्रिंट झाल्या. त्या सर्व जिंकणाऱ्या चालकाला ६४८ गुण मिळाले असते. जगज्जेतेपदाचा निर्णय त्यातील दोन गुणांनी झाला.

चालकांच्या तक्त्याबरोबरच संघांचा स्वतंत्र तक्ता असतो. संघाच्या दोन्ही मोटारींचे गुण त्यात मिळविले जातात. गुण समान झाल्यास अधिक विजय कोणाचे, ते पाहिले जाते; विजयही समान असतील तर दुसरे क्रमांक, मग तिसरे, अशा क्रमाने निर्णय होतो. हा बरोबरीचा नियम कागदावर किरकोळ वाटतो. पण यंदा वर्स्टापेन ४२१ ऐवजी ४२३ वर पोहोचता, तर ८ विरुद्ध ७ विजयांच्या बळावर जगज्जेतेपद त्याच्याकडे गेले असते.

दोन गुण कोठे गेले?

अशा निसटत्या निकालानंतर हंगामातील जवळपास प्रत्येक घटना निर्णायक वाटू लागते. तरी काही घटनांचा हिशेब स्पष्ट मांडता येतो.

स्पेनमधील शर्यतीत वर्स्टापेन पाचव्या स्थानी होता. जॉर्ज रसेलच्या मोटारीला दिलेल्या धडकेबद्दल त्याला दहा सेकंदांची शिक्षा झाली आणि तो दहाव्या क्रमांकावर घसरला. पाचव्या क्रमांकाचे १० गुण गेले, दहाव्याचा १ हाती आला. एका क्षणाच्या संतापाची किंमत ९ गुण होती.

इटलीत मोन्झा येथे मॅक्लारेनने नॉरिसची मोटार पिटमध्ये घेतली, तेव्हा चाक बदलण्यास विलंब झाला आणि मागून येणारा पियास्त्री पुढे गेला. संघाने पियास्त्रीला जागा परत देण्यास सांगितले. त्याने ती दिली. नॉरिस दुसरा आला, पियास्त्री तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात ३ गुणांचे अंतर आहे. ती अदलाबदल झाली नसती आणि बाकी सारे तसेच घडले असते, तर नॉरिसचे ४२० गुण झाले असते, म्हणजे वर्स्टापेनपेक्षा एक कमी.

कतारमध्ये मर्सिडीजचा नवखा चालक किमी अँटोनेली अखेरच्या टप्प्यात मार्गावरून किंचित बाहेर गेला आणि नॉरिस पाचव्यावरून चौथ्या स्थानी आला. त्याचे मोल २ गुण, म्हणजे अंतिम फरकाएवढेच.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही आहे. लास वेगास येथे शर्यतीनंतरच्या तपासणीत मॅक्लारेनच्या दोन्ही मोटारींच्या तळाची फळी नियमापेक्षा अधिक झिजलेली आढळली आणि दोघेही अपात्र ठरले. नॉरिसचे दुसऱ्या क्रमांकाचे १८ गुण गेले. नेदरलँड्समध्ये झांडवूर्ट येथे तो दुसऱ्या स्थानी असताना मोटारीत बिघाड होऊन शर्यतीबाहेर पडला. त्या शर्यतीनंतर आघाडीवरील पियास्त्रीपेक्षा वर्स्टापेन १०४ गुणांनी मागे होता आणि फक्त नऊ शर्यती शिल्लक होत्या. एवढी पिछाडी अखेरीस २ गुणांवर आली, यातच आजच्या गुणपद्धतीचा एक स्वभाव दिसतो : मोठ्या फरकाने आघाडी गमावणे आणि मिळविणे, दोन्ही तिच्यात शक्य आहे, पण त्यासाठी सलग आणि सातत्याने पुढे राहावे लागते.

विजयाचे मोल आणि शून्याची शिक्षा

गुणपद्धतीचा कल ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या तुलनेत दुसऱ्याला किती मिळते, हे पाहणे. १९५० मध्ये चालकांची जागतिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जणांना ८, ६, ४, ३ आणि २ गुण मिळत; दुसऱ्याचे मोल पहिल्याच्या ७५ टक्के होते. १९६० मध्ये सहाव्या क्रमांकालाही एक गुण मिळू लागला. १९६१ पासून चालकांच्या तक्त्यात विजयाचे ९ गुण झाले आणि ते प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांवर आले. १९९१ मध्ये विजयाला १० गुण देण्यात आले, दुसऱ्याचे ६ कायम राहिले. प्रमाण ६० टक्के. विजेत्याला सर्वाधिक झुकते माप देणारा हा काळ होता. २००३ मध्ये तक्ता १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असा झाला आणि दुसऱ्या क्रमांकाचे मोल एकदम ८० टक्क्यांवर गेले. २०१० च्या तक्त्याने ते ७२ टक्क्यांवर आणून ठेवले.

या टक्केवारीचा प्रत्यक्ष अर्थ एका उदाहरणातून कळतो. एक चालक एक शर्यत जिंकतो आणि दुसरीत मोटार बंद पडून शून्य गुण मिळवितो. दुसरा चालक दोन्ही शर्यतींत तिसरा येतो. १९५० च्या तक्त्यात दोघांचेही ८ गुण झाले असते. १९९१ च्या तक्त्यात पहिल्याचे १० आणि दुसऱ्याचे ८, जिंकणारा पुढे. २००३ च्या तक्त्यात १० विरुद्ध १२ आणि आजच्या तक्त्यात २५ विरुद्ध ३०. न जिंकताही दुसरा पुढे. आकडे मोठे झाल्याने विजयाला अधिक मान मिळाल्यासारखे वाटते, परंतु शून्य गुणांच्या शर्यतीची शिक्षा आज १९९१ च्या तुलनेत अधिक कठोर आहे.

चालकाच्या शर्यतीतील निर्णयांवर याचा थेट परिणाम होतो. पहिला आणि दुसरा यांच्यात ७ गुणांचे अंतर आहे. पण दुसरा आणि शून्य यांच्यात १८ गुणांचे. शेवटच्या फेरीत धोका पत्करून पुढच्याला गाठण्याचा प्रयत्न करणारा चालक ७ गुणांसाठी १८ पणाला लावत असतो. तालिकेत आघाडीवर असलेला चालक सावध का चालवितो, अबुधाबीत तिसऱ्या क्रमांकावर समाधान का मानले जाते, याचे उत्तर त्या वजाबाकीत आहे. नॉरिसला तेथे जिंकण्याची गरज नव्हती. त्याच्याजवळ १२ गुणांची आघाडी होती आणि वर्स्टापेन जिंकला तरी तिसरा क्रमांक त्याला पुरेसा होता.

बदलांमागचे वाद

सुरुवातीच्या काळात चालकाचे सर्व निकाल मोजलेच जात नसत. मोटारी वारंवार बंद पडत. त्यामुळे ठरावीक संख्येएवढे सर्वोत्तम निकाल धरून बाकीचे वगळले जात. १९५० मध्ये ७ पैकी ४ निकाल धरले गेले. हा नियम दुर्दैवाला थोडी सूट देणारा होता. पण त्याची दुसरी बाजू १९८८ मध्ये दिसली. त्या वर्षी अॅलेन प्रोस्टने ७ विजय आणि ७ दुसरे क्रमांक मिळवून १०५ गुण जमविले. त्याचाच मॅक्लारेनमधील सहकारी आयर्टन सेना याने ८ विजयांसह ९४. मात्र १६ पैकी सर्वोत्तम ११ निकालच धरायचे असल्याने प्रोस्टचे ८७ आणि सेनाचे ९० गुण ग्राह्य ठरले. एकूण गुणांत ११ ने मागे असलेला सेना जगज्जेता झाला. १९९१ पासून सर्व निकाल मोजण्यास सुरुवात झाली.

याउलट उदाहरण १९५८ चे. स्टर्लिंग मॉसने चार शर्यती जिंकल्या, माईक हॉथॉर्नने फक्त एक; तरीही ४२ विरुद्ध ४१ गुणांनी हॉथॉर्न जगज्जेता ठरला. पोर्तुगालमधील शर्यतीत हॉथॉर्नला अपात्र ठरविण्याची वेळ आली असता, त्याच्या बाजूने साक्ष देण्यासाठी उभा राहिला तो मॉसच. मॉसला पुढे कधीही जगज्जेतेपद मिळाले नाही. १९८२ मध्ये केके रॉसबर्गनेही केवळ एका विजयासह, ४४ गुणांवर, जगज्जेतेपद मिळविले.

२००२ मध्ये मायकेल शूमाकरने फ्रान्समधील शर्यतीतच, म्हणजे जुलै महिन्यात, सहा शर्यती बाकी असताना जगज्जेतेपद निश्चित केले. उरलेल्या हंगामात प्रेक्षकांसाठी काही उरले नाही. पुढच्या वर्षी तक्ता बदलला, दुसऱ्याला ८ गुण मिळू लागले आणि परिणाम लगेच दिसला. २००३ मध्ये सहा शर्यती जिंकणारा शूमाकर, एकच शर्यत जिंकणाऱ्या किमी रायकोनेनपेक्षा केवळ दोन गुणांनी, ९३ विरुद्ध ९१ असा, पुढे राहिला. हंगाम अखेरपर्यंत रंगला; पण विजयाचे मोल घटल्याची टीकाही झाली.

ती टीका २००८ मध्ये तीव्र झाली. ब्राझीलमधील अखेरच्या शर्यतीत फेलिपे मासा पहिला आला, परंतु लुईस हॅमिल्टनने शेवटच्या वळणाजवळ पाचवे स्थान मिळविले आणि ९८ विरुद्ध ९७ अशा फरकाने जगज्जेतेपद घेतले. मासाचे विजय ६ होते, हॅमिल्टनचे ५. मार्च २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे ‘फिया’ने, सर्वाधिक शर्यती जिंकणाराच जगज्जेता ठरेल, असा निर्णय जाहीरही केला. संघांनी त्यास विरोध केला आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच तो मागे घ्यावा लागला. तो निर्णय आज लागू असता, तर २०२५ चे जगज्जेतेपद वर्स्टापेनकडे गेले असते. २००८ चा वाद अद्याप पूर्ण शमलेला नाही. त्या वर्षीच्या सिंगापूर शर्यतीत रेनॉ संघाने आपल्या एका चालकाला मुद्दाम अपघात करण्यास सांगितल्याचे नंतर उघड झाले. त्या शर्यतीत मासाला एकही गुण मिळाला नव्हता. या प्रकरणी मासाने २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

अर्धवट शर्यतीचे काय?

पूर्ण अंतर न धावलेल्या शर्यतीला किती गुण द्यावेत, हा आणखी एक कूटप्रश्न. १९८४ मध्ये मोनॅको येथे मुसळधार पावसामुळे शर्यत थांबविण्यात आली आणि निम्मे गुण देण्यात आले. विजेत्या प्रोस्टला ९ ऐवजी साडेचार गुण मिळाले. हंगामाअखेर निकी लाउडा ७२ आणि प्रोस्ट साडेएकाहत्तर! शर्यत पुढे चालून प्रोस्ट दुसरा आला असता, तरी त्याला ६ गुण मिळाले असते आणि तो ७३ वर पोहोचला असता. पाऊस वाढल्यावर शर्यत थांबवा, असा इशारा तो स्वतःच हाताने करीत होता. अर्ध्या गुणाने जगज्जेतेपद हुकल्याचे इतिहासात हे एकमेव उदाहरण आहे.

२०२१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे हा प्रश्न अधिक विचित्र रूपात पुढे आला. पावसात तासन्‌तास थांबल्यानंतर मोटारी सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या फिरल्या. कोणी कोणाला मागे टाकण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही निम्मे गुण वाटण्यात आले. वर्स्टापेनला साडेबारा, हॅमिल्टनला साडेसात. अखेरच्या शर्यतीपूर्वी दोघेही ३६९.५ गुणांवर बरोबरीत होते. स्पाचे गुण वगळले, तर हॅमिल्टन पाच गुणांनी पुढे असता. अबुधाबीत वर्स्टापेनने विजय आणि वेगवान फेरीचा गुण मिळविल्याने अंतिम निकाल तसाही बदलला नसता. परंतु शर्यत न होता गुण वाटले गेले, ही सल राहिली.

‘फिया’ने २०२२ पासून नियम बदलला. सेफ्टी कारविना किमान दोन फेऱ्या झाल्याखेरीज गुण द्यायचे नाहीत. शर्यतीचे किती अंतर पूर्ण झाले, त्यानुसार गुणांचे तीन कमी केलेले तक्ते लागू करायचे. पण त्या नियमाच्या शब्दांतही पळवाट राहिली. त्याच वर्षी जपानमध्ये नियोजित ५३ पैकी २८ फेऱ्याच झाल्या. सर्वांना वाटले, कमी गुण मिळतील. मात्र कमी गुणांची तरतूद फक्त थांबविलेली शर्यत पुन्हा सुरू न झाल्यास लागू होती. येथे ती पुन्हा सुरू झाली होती. पूर्ण गुण दिले गेले आणि आपण जगज्जेता झालो आहोत की नाही, याबाबत खुद्द वर्स्टापेनच काही काळ संभ्रमात होता. त्यानंतर ती पळवाट बंद करण्यात आली.

एका गुणाचा खेळ

सर्वांत वेगवान फेरीला एक गुण देण्याची पद्धत १९५० ते १९५९ या काळात होती. १९५४ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे वेळेची नोंद पूर्ण सेकंदांतच होत असल्याने सात चालकांची वेळ समान ठरली आणि प्रत्येकाला एक सप्तमांश गुण देण्यात आला. २०१९ मध्ये हा गुण पुन्हा आला; या वेळी पहिल्या दहांत येणाऱ्यालाच तो मिळेल, अशी अट होती. हेतू हा की, शेवटच्या फेऱ्यांतही चुरस राहावी. प्रत्यक्षात, मागच्या मोटारीशी पुरेसे अंतर असलेला चालक अखेरीस नवे टायर चढवून तो गुण घेऊन जाई. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे रेड बुलच्या सहयोगी संघाचा डॅनियल रिकार्डो याने, स्वतः अठराव्या स्थानी असताना, अखेरीस सर्वांत वेगवान फेरी नोंदविली. त्याला गुण मिळणार नव्हता. पण जगज्जेतेपदासाठी वर्स्टापेनशी झुंजणाऱ्या नॉरिसचा गुण गेला. नियमाचा भंग झाला नव्हता, तरी नियमाचा हेतू पराभूत झाला होता. पुढच्याच महिन्यात ‘फिया’ने २०२५ पासून हा गुण रद्द केला.

२०१४ मधील आणखी एक प्रयोग असाच अल्पजीवी ठरला. हंगामातील अखेरच्या शर्यतीला दुप्पट गुण देण्यात आले. वर्षभरातील एका शर्यतीचे मोल केवळ ती शेवटची असल्याने दुप्पट का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणालाच देता आले नाही आणि वर्षभरातच तो नियम गेला.

तळातल्या संघांसाठी गुण म्हणजे पगार

जगज्जेतेपदाच्या चर्चेत एक बाब झाकोळली जाते. फॉर्म्युला वनच्या उत्पन्नातील संघांचा वाटा चालकांच्या नव्हे, तर संघांच्या तालिकेतील स्थानाशी जोडलेला असतो. त्यामुळे आघाडीच्या संघांना दोन गुणांनी करंडक मिळतो किंवा हुकतो. तळाच्या संघांना त्याच दोन गुणांनी अस्तित्व मिळू शकते.

२०१४ मध्ये मोनॅको येथे मारुशिया या छोट्या संघाचा ज्यूल बियांची नववा आला. त्याला दोन गुण मिळाले. त्या संघाच्या वाट्याला आलेले ते पहिलेच गुण. त्याच वर्षी जपानमध्ये झालेल्या भीषण अपघातात बियांची गंभीर जखमी झाला आणि जुलै २०१५ मध्ये त्याचे निधन झाले. संघ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. परंतु त्या दोन गुणांमुळे मारुशियाला तालिकेत नववे स्थान मिळाले होते. वर्षभरात एकही गुण न मिळालेला सॉबर त्याच्या मागे राहिला. नवव्या स्थानाशी निगडित रकमेच्या आधारामुळे तो संघ २०१५ मध्ये मॅनॉर या नावाने पुन्हा उभा राहू शकला.

२०२४ मध्ये ब्राझीलच्या पावसात अल्पिनचे एस्तेबान ओकाँ आणि पियर गास्ली दुसरे-तिसरे आले. एका दुपारी ३३ गुण मिळाले आणि नवव्या स्थानावरील संघ थेट सहाव्या स्थानी पोहोचला. पहिल्या क्रमांकांकडे गुण अधिक केंद्रित असल्याने, मध्यम संघाचे वर्षभराचे भवितव्य अशा एखाद्या अनपेक्षित दिवसावर ठरू शकते.

भारताशी जोडलेले एक उदाहरणही याच जातीचे आहे. विजय मल्ल्या यांचा फोर्स इंडिया संघ २००८ मध्ये शर्यतींत उतरला. पहिल्या वर्षी त्याला एकही गुण मिळाला नाही. २००९ मध्ये स्पा येथे जियानकार्लो फिसिकेला दुसरा आला आणि संघाने ८ गुणांसह खाते उघडले. पुढे २०१८ मध्ये हंगामाच्या मध्यात हा संघ आर्थिक संकटात प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि त्याची विक्री झाली. नव्या मालकांच्या संघाला नवी प्रवेशिका घ्यावी लागल्याने, आधी मिळविलेले ५९ गुण संघाच्या खात्यातून पुसले गेले. चालकांचे गुण मात्र कायम राहिले. तीच माणसे, त्याच मोटारी, पण तालिकेत सुरुवात शून्यापासून! उरलेल्या शर्यतींत ५२ गुण मिळवून त्या संघाने सातवे स्थान गाठले.

भारतीय चालकांपैकी फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळविणारा आजवर एकटा नारायण कार्तिकेयन आहे. २००५ मध्ये इंडियानापोलिस येथे टायरच्या सुरक्षेच्या कारणावरून मिशेलिनचे टायर वापरणाऱ्या सर्व संघांनी माघार घेतली आणि अवघ्या सहा मोटारी धावल्या. कार्तिकेयन चौथा आला व त्याला ५ गुण मिळाले. त्या गुणांमागील परिस्थिती असाधारण होती. तालिकेत मात्र ते इतर कोणत्याही पाच गुणांइतकेच मोजले गेले. या वर्षी मे महिन्यात बंगळुरूच्या कुश मैनीने फॉर्म्युला टूमधील मोनॅकोची स्प्रिंट शर्यत जिंकली. त्या स्पर्धेत स्प्रिंटच्या विजयाला १० आणि मुख्य शर्यतीच्या विजयाला २५ गुण असतात. शिवाय स्प्रिंटमध्ये पात्रता फेरीतील पहिले दहा जण उलट क्रमाने उभे केले जातात. त्यामुळे एकाच स्पर्धेतील दोन विजयांचे मोल सारखे धरले जात नाही.

इतर शर्यतींचे उत्तर

फॉर्म्युला वनबाहेर पाहिल्यास या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिसतात. दुचाकींच्या मोटोजीपी स्पर्धेत पहिल्या पंधरा जणांना गुण मिळतात. विजेत्याला २५, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १६. २०२३ पासून प्रत्येक शर्यतीच्या आदल्या दिवशी स्प्रिंट होते व तिच्या विजेत्याला १२ गुण असतात. २०२४ मध्ये फ्रान्सिस्को बान्याया याने २० पैकी ११ मुख्य शर्यती जिंकल्या, होर्हे मार्टिनने फक्त ३. जगज्जेता मार्टिन ठरला, ५०८ विरुद्ध ४९८ अशा गुणांनी. बान्यायाचे शर्यतीबाहेर पडणे त्याला महागात गेले. यंदाच्या फॉर्म्युला वन निकालापेक्षा तो निकाल कितीतरी अधिक टोकाचा होता.

अमेरिकेतील इंडीकार स्पर्धेत विजेत्याला ५० गुण मिळतात आणि शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाला किमान ५. नॅसकारमध्ये २००३ साली मॅट केन्सेथने संपूर्ण हंगामात एकच शर्यत जिंकून विजेतेपद मिळविले. पुढच्याच वर्षी तेथे अखेरच्या शर्यतींसाठी वेगळी पद्धत आणली गेली. २०१४ पासून तर चार चालकांपैकी विजेता अखेरच्या एका शर्यतीवर ठरू लागला. त्यातून उत्कंठा वाढली. पण वर्षभर सर्वोत्तम ठरलेला चालक एका टायरच्या बिघाडाने बाजूला पडतो, ही तक्रारही तेवढीच वाढली.

भारतीय प्रेक्षकांना हा पेच क्रिकेटमुळे परिचित आहे. जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत सर्व संघ सारखे सामने खेळत नाहीत, म्हणून तेथे एकूण गुणांऐवजी टक्केवारी धरली जाते. तेथेही निकालापेक्षा गणिताचीच चर्चा अधिक होते.

पुढचा हंगाम

२०२६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये कॅडिलॅक हा अकरावा संघ येत आहे. मोटारींची संख्या २० वरून २२ होईल. इंजिन आणि मोटारीच्या रचनेचे नियमही नव्याने लागू होणार आहेत. नव्या यंत्रांच्या पहिल्या वर्षी बिघाड वाढले, तर शून्य गुणांच्या शर्यतीची किंमत पुन्हा ठळक होईल. गुण मात्र पहिल्या दहांनाच मिळणार असल्याने प्रत्येक शर्यतीत १२ मोटारी रिकाम्या हाताने परततील. गुणांची व्याप्ती बाराव्या क्रमांकापर्यंत वाढवावी, हा प्रस्ताव २०२४ मध्ये चर्चेला आला होता; तो स्वीकारला गेला नाही. एका जास्तीच्या संघामुळे ती मागणी पुन्हा पुढे येण्याची शक्यता आहे. विरोधकांचा युक्तिवाद असा की, सर्वांना काहीतरी मिळू लागले, तर गुणाची अप्रूपता राहणार नाही. मारुशियासारख्या संघांचा अनुभव या दोन्ही बाजूंनी बोलतो : त्या दोन गुणांनी संघ तरला, तो ते गुण दुर्मीळ होते म्हणूनच.

वर्स्टापेनला सलग पाचव्या जगज्जेतेपदाची संधी दोन गुणांनी हुकली. नॉरिसने आपले पहिले जगज्जेतेपद वर्षभराच्या सातत्यावर मिळविले. १९९१ ते २००२ च्या काळातील तक्ता विजयाकडे झुकलेला होता, २००३ चा सातत्याकडे; आजचा त्या दोहोंच्या मध्ये उभा आहे आणि गेली सोळा वर्षे त्याचा मूळ आराखडा टिकून आहे. कोणताही तक्ता सर्वोत्तम चालक निर्विवादपणे शोधून देऊ शकत नाही. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा रास्त आहे की, तो हंगामापूर्वी सर्वांना ठाऊक असावा, मध्येच बदलू नये आणि शर्यत झाल्याखेरीज गुण देऊ नये. २०२५ चा निकाल या तिन्ही कसोट्यांवर उतरला. स्पेनमध्ये गमावलेले नऊ गुण जून महिन्यातही नऊच होते. त्यांची किंमत कळायला डिसेंबर उजाडावा लागला.